नऊ दिवसांचा विजेता आणि नऊ वर्षांची भाची

गेले पंधरा दिवस आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नुसती लढाई चालू आहे. माझी भाची, वय वर्षं नऊ, मिरजेत गाणं शिकते, आणि एका चॅनेलच्या गाण्याच्या शोची पहिली ऑडिशन पास झाली. आता दुसऱ्या फेरीला पुण्याला न्यायचं की नाही यावर दोन पार्ट्या पडल्यात. आत्या, मावशी आणि दोन चुलतभाऊ म्हणतात न्यायलाच पाहिजे, अशी संधी परत येत नाही. आण्णा, म्हणजे आमचे वडील, ज्यांनी दर्ग्याच्या उरुसातली संगीत सभा सहसा कधी चुकवली नाही, ते म्हणतात या वयात सा लावायला शिकायचं असतं, मतं मागायला नाही. एवढं सगळं झाल्यावर बहिणीने मला टॅग केलं, की दादा तू तिकडे वेल्समध्ये असतोस, तिकडे तर फोन विकणारा माणूस शोमध्ये ऑपेरा गाऊन जगभर फेमस झाला ना, मग तूच सांग आता.

तो फोन विकणारा म्हणजे पॉल पॉट्स, २००७ चा 'ब्रिटन्स गॉट टॅलेंट'चा पहिला विजेता. आणि खरं सांगायचं तर त्याची गोष्ट दोन्ही पार्ट्यांना चुकीची माहीत आहे.

मी २००६ ला स्वान्सीला शिकायला आलो आणि शनिवार-रविवार एका मोबाईलच्या दुकानात उभा राहायचो. पॉट्सही मोबाईलच्याच दुकानात होता, फक्त तो ब्रिजेंडला मॅनेजर होता आणि राहायचा पोर्ट टॅलबॉटला, आमच्या शेजारचंच गाव म्हणा ना. पोर्ट टॅलबॉट म्हणजे समुद्राकाठी स्टीलच्या भट्ट्या आणि धुराडी, आणि नेमकं २००७ लाच टाटांनी तिथली कोरस ही स्टील कंपनी विकत घेतलेली, त्यामुळे तिथलं कोणी गिऱ्हाईक आलं आणि मी इंडियाचा आहे कळलं की सिमकार्ड राहायचं बाजूला आणि प्रश्न सुरू, की तुमचे टाटा माणसं काढणार का रे. जसं काही रतन टाटा रात्री मला विचारूनच झोपायचे.

तर ९ जून २००७, पाच पोरांचं भाड्याचं घर, टीव्हीवर कार्डिफची ऑडिशन. जाडसर माणूस, साधासा सूट, पुढचा दात तुटका, चेहऱ्यावर मी इथे चुकून आलोय असे भाव. काय करणार विचारल्यावर म्हणाला ऑपेरा, म्हणजे इकडच्या संगीत नाटकातलं गाणं, गाणार, आणि आमच्या घरातला तेलुगू मित्र नूडल्स खाता खाता फिस्सकन हसला. मग तो 'नेस्सुन दोर्मा' गायला. मला ऑपेरातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण शेवटचा तो वरचा स्वर लागला तेव्हा नूडल्सचा काटा वाटीत तसाच राहिला हे मी पाहिलंय. पुच्चिनी या इटालियन संगीतकाराच्या 'तुरांदोत' ऑपेरातलं हे गाणं, पण इथल्या पबमधल्या माणसालाही ते तोंडपाठ, कारण १९९० च्या फुटबॉल वर्ल्ड कपला बीबीसीने पाव्हारोत्ती या नामांकित ऑपेरा गायकाचं रेकॉर्डिंग थीम म्हणून लावलं होतं. ऑपेरातलं एक गाणं लोकांनी आधीच आपलं केलेलं होतं, पॉट्सने बरोबर तेच उचललं.

आणि ऐका, तो अख्खा सीझन टीव्हीवर फक्त नऊ दिवस चालला. ९ जूनला सुरू, १७ जूनला फायनल, फायनलला परत तेच गाणं, बक्षीस १ लाख पौंड, त्या वेळच्या भावाने ऐंशी लाखाच्या आसपास, शिवाय राणीसमोर रॉयल व्हरायटी या कार्यक्रमात गायचा मान. पुढच्याच महिन्यात 'वन चान्स' अल्बम आला आणि ब्रिटनमध्ये एक नंबरला गेला. आमची आत्या हे एवढंच सांगते. फोन विकत होता, नऊ दिवसांत राजा झाला.

आता आधीचं ऐका. हा माणूस जन्मला १९७० ला, ब्रिस्टलकडचा, वडील बस ड्रायव्हर, आई सुपरमार्केटमध्ये कॅशियर. शाळेत पोरं छळायची, म्हणून गाण्यात घुसला. पदवीधर आहे. १९९६ ते २००३ ब्रिस्टल शहराचा नगरसेवक होता, हो नगरसेवक, निवडून आलेला, लिबरल डेमोक्रॅट पक्षाचा! १९९९ ला एका दुसऱ्या टीव्ही शोमध्ये ८ हजार पौंड जिंकला, त्यातून इटलीला जाऊन शिकला, तिथे मास्टरक्लासमध्ये खुद्द पाव्हारोत्तीसमोर गायला. बाथ शहरात हौशी ऑपेरा कंपनी आहे, तिथे त्याने 'डॉन जिओव्हानी'तला डॉन ऑत्ताव्हियो केला, 'आयदा'तला रादामेस केला, पूर्ण भूमिका, पूर्ण प्रयोग. मग २००३ ला आजारपण निघालं, ॲड्रिनल ग्रंथीवर गाठ सापडली, ती साधी निघाली म्हणून बरं, पण त्यातून उठतो न उठतो तोच सायकलवरून पडला आणि कॉलरबोन मोडलं. गाणं बंद, कर्ज डोक्यावर, आणि मग ते फोनचं दुकान. २००७ ला अर्ज भरायचा की नाही हे त्याने नाणं उडवून ठरवलं असं तो सांगतो.

हे सगळं पेपरवाल्यांनी शोधून काढलं तेव्हा इथे बोंब झाली, की अरे हा तर शिकलेला निघाला, फसवलं. मला तेव्हाही हसू आलं होतं. म्हणजे शिकलेला असणं हा गुन्हा आणि अडाणी असता तर चमत्कार. शोला चमत्कार हवा असतो म्हणून ते दुकान दाखवतात, बाथमधल्या तालमी दाखवत नाहीत, कारण वर्षानुवर्षं कामावरून सुटून आठवड्याच्या तालमीला जाणारा माणूस टीव्हीवर कंटाळवाणाच दिसणार. पण नऊ दिवसांत जे विकलं गेलं ते त्या तालमींमध्ये तयार झालेलं होतं.

दुसऱ्या बाजूला आण्णांसारखे इथलेही आहेत. ते म्हणतात पॉट्स ऑपेरा सिंगर नाहीच. आणि त्यांचंही पूर्ण चूक नाही, कारण ऑपेरा म्हणजे माईकशिवाय, भरगच्च ऑर्केस्ट्राच्या वरून, दोन-तीन तास भूमिका निभावणं. 'नेस्सुन दोर्मा' तीनेक मिनिटांचं, तेही तिसऱ्या अंकात, आणि मूळ ऑपेरात ते टाळ्यांसाठी थांबतसुद्धा नाही, संगीत तसंच पुढच्या प्रसंगात वाहत जातं. आपण ऐकतो तो दणदणीत शेवट कॉन्सर्टसाठी लावलेला. पॉट्सचं करिअर झालं ते कॉन्सर्ट आणि अल्बमवर, ऑपेरा हाउसमध्ये नाही. आपल्याकडे जसं नाट्यपदाने टाळ्या घेणाऱ्याला विचारतात, की बाबा तुझा विलंबित ख्याल कुठाय, तसंच. पण नाट्यपदाने कितीतरी घरांत गाणं नेलं हेही खरंच ना, आमच्या घरातच आजी ख्याल ऐकायची नाही पण पदं सगळी पाठ.

मग त्याचं पुढे काय झालं? आपल्याकडे या प्रश्नाला दोनच उत्तरं चालतात, एकतर स्टार झाला नाहीतर 'आता कुठे आहे कोणाला माहीत'. पॉट्स या दोन्हीत बसत नाही. २००८ ला जर्मनीत एका टेलिफोन कंपनीने त्याच्या ऑडिशनची जाहिरात केली आणि अल्बम तिकडेही एक नंबरला गेला, २०१३ ला त्याच्यावर सिनेमा आला, २०१९ ला 'अमेरिकाज गॉट टॅलेंट'च्या, जुन्या गाजलेल्या स्पर्धकांच्या, 'चॅम्पियन्स' सीझनमध्ये फायनलपर्यंत गेला. बाकी तो गातो, दौरे करतो, पोट भरतो. रोज हेडलाईनमध्ये नसतो. छत्तिसाव्या वर्षापर्यंत कर्ज, आजारपण, निवडणूक, नोकरी सगळं बघून झालेलं, त्यामुळे प्रसिद्धी ओसरल्यावर आपण कोण हे त्याला माहीत असणार असं मला वाटतं.

आता भाचीकडे येऊ. त्याच २००७ च्या फायनलमध्ये कॉनी टॅलबॉट नावाची सहा वर्षांची मुलगी होती, पॉट्सकडून हरली. तिला आधी मोठ्या कंपनीने रेकॉर्डचं विचारलं आणि मग वय फार लहान म्हणून मागे फिरले, नंतर दुसऱ्या छोट्या कंपनीने तिचा अल्बम काढला. सहा वर्षांच्या पोरीला हो आणि मग नाही, यातलं काय कळलं असेल? पण मोठं वय म्हणजे सगळं सेफ असंही नाही. २००९ ला त्याच शोमध्ये सुझन बॉइल, अठ्ठेचाळीस वर्षांची बाई, फायनलला दुसरी आली आणि लगेच तिला थकव्याने दवाखान्यात ठेवावं लागलं.

आपल्याकडे २०१७ मध्ये दिग्दर्शक शूजित सरकारने मुलांच्या रिॲलिटी शोंवर बंदी घाला म्हटलं होतं, तेव्हाही हाच गोंधळ झाला होता. मी बंदीवाला नाही. पण हे शोवाले खालची वयोमर्यादा लावत का नाहीत हे मला कळत नाही. पंचविशीच्या पुढच्यांना घ्या, चाळिशीच्या बँकेतल्या माणसाला घ्या, एसटीच्या कंडक्टर बाईला घ्या, ज्यांच्याकडे हरण्यासाठी काही आहे आणि हरल्यावर परत जायला नोकरी आहे. आपल्याकडे अशी माणसं आहेत की. राज्य नाट्य स्पर्धेत संगीत नाटकांची वेगळी स्पर्धा होते, तिथे दिवसभर ऑफिस करून आलेली माणसं रंग लावून तीन तास उभी राहतात आणि गातात, मी स्वतः बघितलंय. ते आपलं बाथ. तिथे कॅमेरा न्या ना, नऊ वर्षांच्या पोरीच्या तोंडासमोर कशाला.

हे लिहिलं ग्रुपवर, तर बहिणीचा फोन. दादा, तुला तिथे बसून बोलायला काय जातंय. तिचं म्हणणं, 'लिटल चॅम्प्स'ची ती पाच मुलं घे, कार्तिकी जिंकली आणि आर्यावरून केवढी भांडणं झाली २००९ ला, पण पाचही जणं आज गाण्यातच आहेत, २०२१ ला त्याच शोमध्ये परीक्षक म्हणून बसली. मग? यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणजे एक होतं, की आपल्याला ती पाच दिसतात, ऑडिशनच्या रांगेतून परत गेलेली शेकडो दिसत नाहीत. पण ते मी मोठ्याने म्हटलं नाही, कारण तिची मुलगी अजून रांगेतच आहे. आणि ती जे पुढे बोलली ते जास्त लागलं. म्हणाली, मिरजेत तिला चांगलं शिकवणारे आहेत रे, पण शिकून झाल्यावर गायचं कुठे, कोण ऐकणार, टीव्हीशिवाय कोण विचारतं?

आणि इकडे तरी काय स्वर्ग आहे का. मी दर गुरुवारी एका पुरुषांच्या कॉयरमध्ये, म्हणजे समूहगानाच्या मंडळीत गातो, चॅपलच्या (छोट्या चर्चच्या) मागच्या खोलीत, सेकंड टेनर म्हणजे पुरुषांच्या उंच आवाजांतला खालचा, चहा-बिस्किटं धरून फी नाममात्र. कधी ऑडिशन झाली नाही, कोणी मार्क दिले नाहीत. बेचाळिसाव्या वर्षी मला तिथे 'यंग मॅन' म्हणतात यावरून समजा. माझ्या शेजारी उभे राहणारे आजोबा चाळीस वर्षं स्टीलमध्ये होते, सप्टेंबर २०२४ ला पोर्ट टॅलबॉटची शेवटची ब्लास्ट फर्नेस, म्हणजे लोखंड वितळवायची मोठी भट्टी, बंद झाली त्या आठवड्यात ते आले, उभे राहिले, आणि गायलेच नाहीत. वरच्या पातळीवरही तेच, २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये कलांना सरकारी अनुदान वाटणाऱ्या इंग्लंडच्या आर्ट्स कौन्सिलने इंग्लिश नॅशनल ऑपेराला लंडन सोडा म्हणून सांगितलं, आमच्या कार्डिफच्या वेल्श नॅशनल ऑपेराचं अनुदानही कापलं. म्हणजे पॉट्स जिथून वर आला त्या पायऱ्याच एकेक काढून नेतायत आणि टीव्हीवरचा शो मात्र चालूच.

आणि आपल्या माणसांना तरी ऑपेरातलं आपलं कोण माहीत असतं? पॅट्रिशिया रोझारिओ, मुंबईत जन्मलेली सोप्रानो, म्हणजे सर्वात उंच आवाजाची गायिका, सर जॉन टॅव्हनरसारख्या कंपोझरने तिच्या आवाजासाठी कामं लिहिली. २०१६ ला चर्नी रोडचं रॉयल ऑपेरा हाउस परत उघडलं तेव्हा तीच गायली, आणि भारतात येऊन पोरांना शिकवतेही. आमच्या ग्रुपवर बावीस माणसं, तिचं नाव एकालाही माहीत नव्हतं. मलाही कॉयरमध्येच कळलं, म्हणजे बघा.

बहिणीला शेवटी मी एवढंच म्हटलं की पुण्याला जा, पण पोरगी घाबरली तर अर्ध्यातून परत आण आणि शाळा बुडवू नकोस. आण्णा माझ्याशी बोलत नाहीयेत. भाचीला व्हिडिओ कॉलवर पॉट्सची ऑडिशन दाखवली, तिने पूर्ण ऐकली, हललीसुद्धा नाही, आणि संपल्यावर विचारलं, मामा, ते काका दुकानात होते तर त्यांना फोन फुकट मिळायचा का?

म्हटलं नाही गं, डिस्काउंट मिळायचा.