वस्तरा 20 अंशांत धरायचा नसतो

‘वस्तरा बोथट झाला तर 20 अंशांत तिरका धरून सर्वांत बारीक दगडावर जोर देऊन घासा, मग चामड्याच्या पट्ट्यावर भरपूर ओढा, हवेत धरलेला केस धारेला टेकून तुटला की धार लागली.’ हा सल्ला सगळीकडे फिरतो आहे. तो जसाच्या तसा पाळला तर चांगलं पातं वाया जाईल.

कोन हाताने सांभाळायचा तो सुरीचा. वस्तऱ्याची जाड पाठच कोन ठरवते. पाठ आणि धार एकाच वेळी दगडाला टेकवली की दोन्ही बाजू मिळून साधारण 16 ते 17 अंश आपोआप बसतात. पाठ उचलून प्रत्येक बाजूला 20 अंश दिलेत तर एकूण 40 होतात. अशी धार केस कापत नाही, ओढते. पाठ झिजू नये म्हणून इलेक्ट्रिकल टेपचा एक थर चालतो, पण मग शेवटच्या दगडापर्यंत तो ठेवावा लागतो.

सर्वांत बारीक दगड आधी, ही या सल्ल्यातली सर्वांत महागात पडणारी चूक. धार म्हणजे दोन्ही बाजूंचे उतार जिथे भेटतात ती रेघ. ते भेटलेच नसतील तर 12000 ग्रिटचा (आकडा जितका मोठा तितका दगड बारीक) दगड उताराला फक्त चकाकी देतो. बोथट वस्तऱ्याची सुरुवात 1000 ग्रिटवर. उतारावर मार्करची शाई लावा, दोन-तीन हात फिरवा. धारेलगत शाई उरली तर दगड अजून तिथवर पोचलेला नाही. नंतर दिव्याखाली धार वर करून पाहा: जिथे चमकणारा ठिपका दिसेल तिथे ती बोथट आहे. टोकापासून मुळापर्यंत एकही ठिपका दिसेनासा झाला आणि हातावरची लव त्वचेलगत कापली जाऊ लागली, की मगच 4000, 8000, 12000. दगड मात्र सपाट हवा. त्यावर पेन्सिलीने चौकड्या आखा आणि त्या पूर्ण पुसल्या जाईपर्यंत डायमंड प्लेटवर (हिऱ्याचे कण बसवलेल्या सपाट पट्टीवर) घासा.

जोर? पोकळ घासलेलं, म्हणजे दोन्ही बाजूंनी आत खोलगट केलेलं पातं इतकं पातळ असतं की दाबलं तर वाकतं, पाठ विनाकारण झिजते आणि धारेला लोंबती कड (धातूचा पातळ पापुद्रा) येते. 1000 वर हलका दाब पुरे, शेवटच्या दगडावर फक्त पात्याचं वजन.

पट्टा बोथट धार परत आणत नाही. साधं चामडं धातू जवळजवळ काढतच नाही, लागलेली धार सरळ करतं. दगडावर धार पुढे, पट्ट्यावर पाठ पुढे, आणि वळवताना नेहमी पाठीवरून. पट्टा ताणलेला ठेवा; सैल असला तर तो धारेभोवती वळतो आणि तिला गोलाई देतो.

हवेत केस तोडण्याची परीक्षा केसाच्या जाडीवर आणि तो कुठल्या टोकाने धरला यावरही ठरते. जाड केस तुटला तरी हनुवटीखाली तोच वस्तरा केस ओढू शकतो. तिथे ओढला, तर आधी पट्ट्यावर 50 हात फिरवा. तरीही ओढला तर 8000 वर परत या.