बादलीने लुक जातो म्हणे

आज मैत्रिणीचं नवं घर बघून आले. घर झकास झालंय, खोटं कशाला बोलू. बाथरूम दाखवताना ती कौतुकाने म्हणाली, "बघ, एकही नळ दिसत नाही!" आणि खरंच दिसत नव्हता. भिंतीत गाडलेला डायव्हर्टर, म्हणजे पाणी शॉवरकडे वळवणारी कळ, छताला ताटाएवढा शॉवर, बस्स. मी विचारलं, बादली कुठे ठेवणार? ती हसली. "डिझायनर म्हणाला, बादलीने लुक जातो."

लुक जातो! तेव्हापासून डोकं फिरलंय, म्हणून हे लिहायला बसलेय.

कारण हेच वाक्य चार वर्षांपूर्वी मीही ऐकलंय आणि त्यावर मान डोलावलीय. आमच्या बाथरूमचं काम काढलं तेव्हा गिझर भिंतीवर बरा दिसत नाही म्हणून त्याला घराच्या दुसऱ्या टोकाला, धुण्याभांड्यांच्या युटिलिटीत हलवला. तिथून पाइप फॉल्स सीलिंगच्या वरून फिरत फिरत शॉवरपर्यंत. बारा मीटर. ड्रॉइंगवर ती नुसती एक तांबडी रेघ होती. बाथरूम इतकं देखणं झालं की फोटो इथेच टाकले होते. तुम्हीच बदाम दिलेत.

मग आई राहायला आली. पहिल्याच सकाळी आतून हाक, "अगं, गरम पाणी येतच नाहीये!" मी म्हणाले, "येईल गं, जरा वाहू दे." वाहू दे! आणि कुणाला म्हणाले, तर आयुष्यभर तांदूळ धुतलेलं पाणी झाडांना घालणाऱ्या बाईला. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी फरशी पुसायची बादली आत घेऊन गेली, शॉवरखाली ठेवली, आणि गरम पाणी येईपर्यंतचं सगळं गार पाणी धरून बादली माझ्यासमोर आणून ठेवली. मी मापाने मोजलं. साडेपाच लिटर. एका माणसाच्या एका अंघोळीचं, अंगाला न लागलेलं पाणी.

त्यानंतर मी हिशेब केला, जो आधी करायला हवा होता. पाऊण इंची पाइपात मीटरला साधारण तीनशे मिलिलिटर पाणी मावतं. बारा मीटर म्हणजे साडेतीन लिटरहून जास्त पाणी नुसतं वाटेत गार पडून राहिलेलं, शिवाय पाइप तापेपर्यंत जातं ते वेगळं. अर्धा इंची टाकला असता तर जवळपास निम्म्यावर आलं असतं. गिझर बाथरूमच्याच भिंतीवर असता तर तांब्याभर. एकामागोमाग एक अंघोळी उरकल्या तर पाइप गरम राहतो, हे खरं. पण आमच्याकडे चौघांच्या चार वेळा. टाइलच्या छटेवर आम्ही तीन बैठका केल्या, पाइपाच्या लांबीवर एक मिनिटही नाही.

आणि हे फक्त गिझरचं. वाडग्यासारखं उथळ बेसिन आणि त्यावर वीतभर उंच नळ, म्हणजे हात धुतले की शर्ट ओला. नळाच्या तोंडाला एरेटरची बारीक चकती बसवली तर तेच पाणी हवा मिसळून भरघोस वाटतं आणि निम्म्यात काम होतं, पण ती काढून टाकायची, कारण "धार बारीक येते". भिंतीत लपवलेली फ्लशची टाकी आतल्या आत झिरपत राहते, कुणाला पत्ता नाही. टाकीत खायचा रंग टाका, अर्धा तास फ्लश करू नका, भांड्यात रंग उतरला तर समजा गळतेय. स्वयंपाकघरात आरओ एक लिटर गाळताना दोन-तीन लिटर सोडून देतो, त्याची नळी सरळ सिंकच्या ड्रेनमध्ये खुपसलेली. तिथे एक कॅन मावेल एवढी जागा? छे, तिथे ट्रॉली हवी. आणि मग त्याच घरात बेसिनवर "पाणी वाचवा"चं गोंडस स्टिकर. राग येतो हो!

मान्य, जगात उपसल्या जाणाऱ्या गोड्या पाण्यातलं सत्तरेक टक्के शेतीला लागतं, आपल्या अंघोळी त्यापुढे किरकोळ. असू देत.

आता जरा शांत झालेय. तो डिझायनर पोरगा वाईट नसणार. आमचाही नव्हता. आपण त्याला विचारतो काय, तर दिवा कुठला आणि हँडल कुठलं. "गरम पाणी किती लांबून येणार?" असं विचारलं असतं तर त्यानेही डोकं लावलं असतं. निघताना मैत्रिणीला म्हटलं, पाहुण्यांच्या बाथरूमची भिंत अजून उघडी आहे ना, तिथे तरी खाली एक साधा नळ काढून घे, बादली बसेल एवढ्या उंचीवर. "विचारते त्याला," म्हणाली. बघू.

आईची ती बादली आमच्या बाथरूममध्ये अजून आहे. तिच्यासाठी सपाट जागाच ठेवलेली नाही, त्यामुळे जाळीकडच्या उतारावर कायम तिरकी उभी. फोनवर आई हमखास विचारते, "बादली आहे ना गं?" मी हो म्हणते.

आज घरी येऊन पाहिलं तर ती तिथे नव्हती. युटिलिटीत होती, दाराआड. गेल्या रविवारी पाहुणे आले होते तेव्हा मीच उचलून ठेवली होती. बरं दिसत नव्हतं म्हणून.