"वाळूच्या नावाखाली लूट" या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार सर, तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू काल रात्री वाचला. "साध्या वाळूचे २,४०० घेतले, टाकी चार दिवस दुधासारखी, वाळूच्या नावाखाली लूट" असं लिहिलंय तुम्ही. तुमची समुद्री माशांची टाकी गढूळ झाली आणि तुम्हाला मनस्ताप झाला त्याबद्दल मनापासून सॉरी. शनिवारची गर्दी होती, वाळू धुवायचं मी घाईत सांगितलं, ते नीट बसून सांगायला पाहिजे होतं.

पण सर लूट हा शब्द फार लागला. तुम्हीच आठवून बघा त्या दिवशी काय काय बोलणं झालं. पहिल्यांदा मी म्हणालो होतो की रीफ टाकीला, म्हणजे प्रवाळ ठेवायच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीला, वाळू नसली तरी चालतं, नुसती काच ठेवा, खर्च शून्य. तुमच्या मुलीला पांढरा तळ पाहिजे होता म्हणून पुढचं बोलणं निघालं. मग तुम्ही ओल्या पिशवीतली लाइव्ह सँड, म्हणजे जिवंत बॅक्टेरिया असलेली वाळू, मागितली, ती मीच नको म्हणालो, कारण लाइव्ह रॉक (बॅक्टेरिया बसलेला सच्छिद्र दगड) टाकला की कोरड्या वाळूतही काही आठवड्यांत तेच बॅक्टेरिया बसतात, उगाच दुप्पट पैसे कशाला. तीन इंच थर पाहिजे म्हणालात, तर ३ बाय दीड फुटाच्या टाकीला एका इंचाला साधारण १६ किलो लागते, म्हणून २० किलोत सव्वा इंच भागवलं. लुटायचं असतं तर ४८ किलो दिली असती ओ. किलोला १२० पडले, बिल तुमच्याकडं आहेच.

साधी वाळू म्हणताय, तर तुम्ही घरच्या बांधकामातली पिशवीत घेऊन आला होता ती आठवा. मी काउंटरवर तिच्यात लोहचुंबक फिरवला, काळे कण मिशीसारखे चिकटले. कृष्णेची वाळू काय किंवा क्रश सँड काय, शेवटी आपला काळा दगडच, त्यात लोखंडाचे कण असतात आणि ते वेव्हमेकरच्या, म्हणजे टाकीत लाटा करणाऱ्या पंपाच्या, चुंबकाला जाऊन धरतात. व्हिनेगर टाकलं, काही झालं नाही. तुम्ही नेलेल्या वाळूवर, म्हणजे अ‍ॅरागोनाइटवर, टाकलं तर फसफसलं, कारण ते कॅल्शियम कार्बोनेट. त्यानं पाण्याचा पीएच आपोआप समुद्रासारखा ८.२ वर राहतो असं मी कुणालाच सांगत नाही, तेवढ्या पीएचला ते फारसं विरघळतच नाही, तुम्हालाही तसंच सांगितलं. रत्नागिरीच्या बीचवरून आणू का विचारलंत, तिथं पण इल्मेनाइटची, म्हणजे लोखंड असलेल्या खनिजाची, काळी वाळू असते आणि किनाऱ्यावरून वाळू उचलायला बंदी आहे, म्हणून नको म्हणालो. स्विमिंग पूलच्या फिल्टरची पांढरी सिलिका वाळू स्वस्तात चालते हेही बोललो होतो, ती माझ्याकडं मिळत नाही तरी.

गढूळपणाचं म्हणाल तर रविवारी रात्री साडेअकराला तुमचा फोन आला तेव्हाच कळलं की वाळू न धुता, भरलेल्या टाकीत, पंप चालू ठेवून वरून ओतलीय. बादलीत आठ-दहा पाण्यानं धुवायची, शेवटचं पाणी आरओचं, तळाला ताट ठेवून त्यावर हळू पाणी सोडायचं. ते पांढरं म्हणजे वाळूचीच धूळ, बिघडलेला माल नाही. मी तेव्हाच म्हणालो वेव्हमेकर बंद ठेवा, फिल्टरचा कापूस रोज बदला, बसेल. पाचव्या दिवशी बसलीच ना सर, ते तेवढं रिव्ह्यूत आलं नाही.

२०१९ च्या महापुरात माझं दुकान पाण्यात होतं, सगळ्या टाक्या गेल्या, कर्ज काढून परत उभं केलंय, आणि सांगलीत समुद्री टाकी ठेवणारी माणसं मोजकीच, त्यातला एक जण लूट लिहितो तेव्हा बाकीचे पुण्याहून मागवायला लागतात. धुवायची पद्धत छापून देण्याचं बघतो आहे, दोन-तीन दिवसांत काहीतरी करतो.

एक पिशवी उघडली नसेल तर परत आणा, पैसे देतो. स्टार किती द्यायचे ते तुमच्यावर, तो एक शब्द तेवढा काढलात तर बरं होईल.