‘मशीन बसवूनही फरक नाही’: एका प्रतिक्रियेला उत्तर

सीआरटीवरच्या, म्हणजे हृदयाचे दोन्ही खालचे कप्पे एकाच वेळी आकुंचन पावावेत म्हणून बसवतात त्या पेसमेकरवरच्या, माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: ‘मेव्हण्यांना दोन वर्षांपूर्वी हे तीन वायरींचं मशीन बसवलं. लाखो रुपये गेले, दम लागायचा तो लागतोच. पंपिंग कमी दिसलं की मशीन गळ्यात मारायचं, हा धंदा आहे आणि तुम्ही त्याची जाहिरात करता.’

जाहिरातीचं सोडून देतो, लेखात एकाही कंपनीचं नाव नाही. धंद्याचा मुद्दा मात्र सोडण्यासारखा नाही.

नुसतं पंपिंग (दर ठोक्याला डावा कप्पा आतल्या रक्तापैकी किती टक्के बाहेर ढकलतो) कमी म्हणून सीआरटी बसवणं चूकच आहे. इकोसीआरटी या 2013 च्या चाचणीत हेच तपासलं गेलं. पंपिंग कमी, इकोवर हृदयाच्या भिंती एकाच वेळी न हलता एकीमागून एक हलताना दिसतायत, पण ईसीजीवरचा क्यूआरएस (विजेचा संदेश खालच्या कप्प्यांत पसरायला लागणारा वेळ) 130 मिलिसेकंदांच्या आत, म्हणजे अरुंद, असे 809 रुग्ण. मशीन सगळ्यांना बसवलं. साधारण निम्म्यांचं सीआरटी चालू ठेवलं, बाकीच्यांचं बंद. फायदा दिसेना म्हणून चाचणी मध्येच थांबवली. तोवर चालू गटात 45 मृत्यू झाले होते आणि बंद गटात 26. तुमच्या रागाला याहून मोठा पुरावा मलाही देता येणार नाही.

पण 2005 ची केअर-एचएफही बघा. 813 रुग्ण, औषधं सर्वांना, सीआरटी निम्म्यांना. सुमारे अडीच वर्षांत नुसत्या औषधांवरचे 30 टक्के दगावले, सीआरटीवाले 20 टक्के. या रुग्णांचा क्यूआरएस रुंद होता, आणि सगळा फरक तिथेच आहे. क्यूआरएस रुंद म्हणजे संदेश पसरायला उशीर. लेफ्ट बंडल ब्रांच ब्लॉकमध्ये, म्हणजे डाव्या कप्प्याकडची विजेची वाट अडलेली असताना, हा संदेश डाव्या कप्प्याच्या बाहेरच्या भिंतीपर्यंत उशिरा पोचतो. मधला पडदा आधी आकुंचन पावतो, आणि बाहेरची भिंत जोर लावते तोवर तो सैल पडायला लागलेला असतो. रक्त पुढे ढकललं जाण्याऐवजी आतल्या आत हेलकावतं, झडपही गळू शकते. तिसरी वायर हृदयाच्या शिरेतून नेऊन त्या उशीर करणाऱ्या भिंतीवर बसवतात, ती यासाठी. उशीरच नसेल तर ती वायर काय दुरुस्त करणार? सर्वांत भक्कम कारण म्हणजे लेफ्ट बंडल ब्लॉक, क्यूआरएस 150 मिलिसेकंद किंवा जास्त आणि पुरेशी औषधं निदान तीन महिने घेऊनही पंपिंग 35 टक्के किंवा कमी.

तरीही साधारण तिघांत एकाला म्हणावा तसा गुण येत नाही. ‘आजार वाढला नाही हाच फायदा’ असं अशा वेळी ऐकवलं जातं. कधी ते खरं असतं, कधी पळवाट.

म्हणून मेव्हण्यांचा मशीन बसवण्याआधीचा ईसीजी शोधा. क्यूआरएस अरुंद निघाला तर तुमचा संशय रास्त. रुंद असेल तर मशीन तपासणीत एक आकडा विचारा: दोन्ही कप्प्यांचं पेसिंग (मशीनने ठोका देणं) किती टक्के होतंय? तो 98 च्या आसपास किंवा वर हवा. एट्रियल फिब्रिलेशन (वरच्या कप्प्यांची अनियमित धडधड) असेल, किंवा अवेळी ठोके फार पडत असतील, तर हृदय मशीनच्या आधीच धडकतं आणि आकडा घसरतो. त्यावर इलाज आहे: औषधं, नाहीतर वरच्या कप्प्यांतून खाली संदेश नेणारी गाठ जाळून टाकणं, म्हणजे एव्ही नोडचं अ‍ॅब्लेशन, ज्यानंतर जवळजवळ प्रत्येक ठोका मशीनचाच असतो. आकडा चांगला दिसला तरी बारा लीडचा ईसीजी काढायला सांगा, कारण अर्धवट पेस झालेला ठोकाही मशीन आपल्याच खात्यात धरतं. एक्स-रेमध्ये तिसरी वायर सरकलेली नाही ना, तेही दिसेल. हार्ट अटॅकचा जुना व्रण नेमका त्या भिंतीवर असेल तर मात्र उपाय तोकडा पडतो.

पैशांबद्दल एकच. सीआरटी दोन प्रकारचं असतं, हृदयाची लय जीवघेणी बिघडल्यास विजेचा झटका देणारं आणि न देणारं, आणि झटक्याचं बरंच महाग. केअर-एचएफमधलं मशीन झटका न देणारं होतं. मेव्हण्यांचं कोणतं आहे हे मशीनच्या कार्डवर लिहिलेलं असेल. झटक्याचं असेल तर बॅटरी बदलताना पुन्हा तेच हवं का, हे आत्ताच्या भेटीत विचारून ठेवा.