सगळे हसले, टीर सोडून

नॉर्स (प्राचीन स्कँडिनेव्हियन) पुराणातले एसिर, म्हणजे तिथलं देवकुळ, म्हटलं की हल्ली हातोडावाला थोर आणि त्याचा भाऊ लोकी, एवढंच आठवतं. मूळ कथांत लोकी थोरचा भाऊ नाहीच. तो राक्षसाचा मुलगा, देवांचा प्रमुख ओडिन याच्याशी रक्त मिसळून भाऊबंद झालेला. सिनेमाने हे देव घराघरांत पोचवले ते बरंच झालं, पण टीर मागेच राहिला याचं मला मनापासून वाईट वाटतं. माझ्या लेखी या कुळातला सगळ्यात मोठा देव तोच.

फेनरिर हा लोकीचा मुलगा, लांडगा. तो आपल्या नाशाला कारण होणार हे भाकीत माहीत असूनही एसिरांनी त्याला घरी वाढवलं. त्याच्याजवळ जाऊन खायला घालायची छाती एकट्या टीरची. लांडगा वाढत गेला तशी देवांची पाचावर धारण बसली. दोन भक्कम बेड्या त्याने तोडल्या. मग बुटक्यांकडून ग्लाइपनिर नावाचा बंध करवून आणला: मांजराच्या पावलांचा आवाज, बाईची दाढी, डोंगराची मुळं, अस्वलाचे स्नायू, माशाचा श्वास आणि पक्ष्याची थुंकी यांचा. दिसायला रेशमी फीत.

लांडग्याला संशय आला. नाही तुटली तर सोडून देऊ, असं देव म्हणाले. तो म्हणाला, मग तुमच्यापैकी कुणीतरी माझ्या तोंडात हात ठेवा. देव एकमेकांकडे बघत राहिले. शेवटी टीरने उजवा हात पुढे केला. लांडगा जितका झटे तितकी फीत आवळे. तेव्हा सगळे हसले, टीर सोडून. त्याचा हात गेला. आइसलँडच्या स्नोरी स्टुर्लुसनने १२२० च्या सुमारास हे लिहिलं, तेही इतक्याच कोरडेपणाने.

लांडग्याला मारलं का नाही? तर म्हणे आपली पवित्र जागा रक्ताने विटाळायची नव्हती. मला इथे संताप येतो. रक्त चालत नाही, खोटा शब्द मात्र चालतो! देवांची तटबंदी बांधणाऱ्या राक्षसालाही यांनी शपथा देऊन शेवटी थोरकडून मारवलं.

टीरला शूर म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. ज्याला हाताने भरवलं त्यालाच तो फसवत होता आणि शब्द खोटा आहे हे त्याला ठाऊक होतं. फसवणुकीत तोही सामील होता, पण तिची किंमत मोजायला एकटाच उभा राहिला. बाकीच्यांना सुटका हवी होती, फुकटात.

‘लोकासेन्ना’ या काव्यात लोकी भर मेजवानीत त्याला गेलेल्या हातावरून डिवचतो. टीर म्हणतो, माझा हात गेला, तुझा लांडगा गेला, दुःख दोघांनाही आहे. आणि लांडग्याचंही काही बरं चाललेलं नाही, रॅग्नारोकपर्यंत, म्हणजे देवांच्या शेवटच्या लढाईपर्यंत, त्याला बांधलेलंच राहायचंय. हात तोडणाऱ्याचा विचार त्या मेजवानीत दुसरा कुणीही करत नाही.