वऱ्हाड निजामाने ‘विकलं’ नव्हतं

‘निजामाने ऐषारामासाठी कर्ज काढलं, ते फिटेना म्हणून 1853 मध्ये वऱ्हाड इंग्रजांना विकलं. मग तिथे शांतता आली.’ हा मेसेज पुन्हा फिरतोय.

आधी कर्जाचं. ते होतं काँटिंजंट नावाच्या फौजेच्या पगाराचं. अधिकारी इंग्रज, हुकूम रेसिडेंटचा (दरबारातल्या इंग्रज प्रतिनिधीचा), खर्च निजामाचा: वर्षाला सुमारे 40 लाख. हिंगोली, एलिचपूर, औरंगाबाद इथे तिच्या छावण्या होत्या. पगार थकला की ईस्ट इंडिया कंपनी आगाऊ पैसे द्यायची आणि ते निजामाच्या नावावर चढायचे.

‘पण ही फौज पोसणं तहाने बांधलेलं होतं ना?’ नाही. 1800 च्या तहातली तैनाती फौज वेगळी. तिच्यापोटी बेल्लारी-कडप्याचा मुलूख निजामाने तेव्हाच कायमचा देऊन टाकला होता. शांततेच्या काळात काँटिंजंट पोसायला तो तह निजामाला बांधत नाही, हे खुद्द गव्हर्नर-जनरल डलहौसीने लिहून ठेवलंय. तरी वऱ्हाड घेतलं त्यानेच.

दरबार धुतल्या तांदळाचा नव्हता. पेशकार (कारभारी) चंदूलालने तालुके सावकारांकडे आणि अरब जमादारांकडे (भाडोत्री अरब शिपायांच्या म्होरक्यांकडे) गहाण टाकले. जमादार आधी दरबाराला पैसे देणार, मग त्याचेच अरब कचेरीच्या दारात बसून वसुली करणार. रयतेचं काय होत असेल! पण पामर कंपनी या हैदराबादच्या खासगी पेढीचं 1820 चं 60 लाखांचं कर्जही पाहा: त्यातले 8 लाख पेढीने ‘बक्षीस’ म्हणून स्वतःच ठेवून घेतले. हे उघडं पाडलं रेसिडेंट मेटकाफने, म्हणजे इंग्रजानेच.

शांततेचं थोडं खरं आहे. 1819 मध्ये हटकर समाजातल्या बंडखोर नोवसाजी नाईकाची नाव्ह्याची गढी याच फौजेच्या पूर्वरूपाने, रसेल ब्रिगेडने, मोडली. पण हे 1853 च्या 34 वर्षं आधीचं. आणि अरबांची, सावकारांची पकड सैल करून जिल्हे, तहसिली, पोलीस यांची घडी बसवली ती निजामाचा दिवाण सालारजंगने, निजामाकडे उरलेल्या मुलखात.

राहिला ‘विकलं’ हा शब्द. 1853 च्या तहाप्रमाणे वऱ्हाड कारभारासाठी हवाली केलं होतं. फौजेचा खर्च भागून उरेल ते निजामाचं. सोबत दिलेले नळदुर्ग आणि रायचूर दोआब 1860 मध्ये परत मिळाले. वऱ्हाडासाठी सालारजंग वर्षानुवर्षं भांडला. 1902 मध्ये व्हाइसरॉय कर्झनने ते कायमच्या भाडेपट्ट्यावर घेतलं, वर्षाला 25 लाख रुपये निजामाला देऊन.