नागौरला महाबळेश्वरचा पाऊस

काम काय होतं, तर हवामान खात्याचा पावसाचा डेटा घ्यायचा आणि जुलैतल्या एका दिवसाचा नकाशा काढायचा, बस्स. पाव अंशाचे चौकोन, 129 आडव्या रांगा, 135 उभ्या, आणि डेटा 1901 पासूनचा, म्हणजे पणजोबा भिजले त्याचाही हिशोब. म्हटलं चहा उकळेपर्यंत होईल.

पायथनच्या मॅटप्लॉटलिबमधलं, आकड्यांच्या तक्त्याचं चित्र काढणारं इमशो मारलं, निळे रंग निवडले, एक्स्टेंट (चित्राच्या कडांचे आकडे) देऊन अक्षांश टाकले, खाली 6.5, वर 38.5, आणि मी स्वतःवरच खूश होऊन बघतोय तोवर आई कप ठेवता ठेवता म्हणाली, "अरे, कन्याकुमारी वर कशी गेली?"

गेली होती खरी. आकडे सरळ आणि देश पालथा! महाबळेश्वरचा पाऊस 27 अंशांवर, म्हणजे कुठे ते मुद्दाम शोधलं तर निघालं राजस्थानातलं नागौर, वाळवंटाच्या उंबऱ्यावर. त्यांना चालला असता म्हणा.

तर भानगड अशी, की डेटाची पहिली रांग दक्षिणेची, आणि मॅटप्लॉटलिबचं इमशो प्रत्येक गोष्टीला फोटो समजतं, फोटोची पहिली ओळ वर असते म्हणून आपली पहिली रांगही वर, आणि आकडे मात्र मी सांगितले तसे निमूटपणे छापून मोकळं. शाळेत ग्राफ पेपरवर वाय वरच वाढायचा हो, उजव्या कोपऱ्यात प्रमाण लिहिलं की संपलं!

मी फाइल वाचतानाच फ्लिपयूडी टाकून डेटा उलटा केला. झालं सरळ. दुसऱ्या दिवशी लॅबमधल्या एका सीनियरने माझ्या भल्यासाठी, न विचारता, पुढे इमशोमध्ये ओरिजिन लोअर, म्हणजे पहिली रांग खाली धर, असं लिहिलं. दोन शहाण्यांनी एकेकदा उलटं केलं, कन्याकुमारी परत वर. मीटिंगला दहा मिनिटं राहिलेली, कारण शोधायला वेळ कुणाला, मी घाईत इन्व्हर्ट वायअॅक्सिस ठोकलं आणि भारत लगेच पायावर उभा. आईनेही पास केला असता.

सरांनी चष्मा वर केला. "काश्मीर 8 अंशांवर?"

इन्व्हर्टने चित्रासोबत आकड्यांचा अक्षही उलटला होता ना!

शेवटी फ्लिपयूडी काढलं, इन्व्हर्ट काढलं, ओरिजिन लोअर तेवढं ठेवलं (सीनियरला हे सांगितलेलं नाही) आणि नकाशा मेल केला. सरांचं लगेच उत्तर आलं, छान, आता विहिरींची पाणीपातळी काढ, जमिनीपासून किती खोल ते, आणि हो, त्यात वाय अक्ष उलटा हवा.